मिश्र वास्तव आणि मातीचा किल्ला

आपल्या देशात दर दहा-पंधरा वर्षांनी शिक्षणाचा उद्धार करणारे एक यंत्र अवतरते. त्याला हार घातला जातो, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते आणि यथावकाश ते यंत्र शाळेच्या कपाटात समाधी घेते. रेडिओ झाला, दूरचित्रवाणी झाली, संगणक झाला, स्मार्ट फळा झाला, टॅब झाला. आता पाळी चष्म्याची आहे. ह्या चष्म्याचे नाव मोठे भारदस्त आहे : मिश्र वास्तव. विकणारे त्याला मिक्स्ड रिअ‍ॅलिटी म्हणतात आणि विकत घेणारे, अर्थ कळो न कळो, मान डोलावतात.

फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. विषय घरातलाच आहे म्हणून. हा अंक ज्या घरात जाईल त्या घरात बहुधा एखादे शाळकरी मूल आहे, आणि त्याच्या शाळेच्या रंगीत माहितीपत्रकावर डोळ्यांना काळे झापड लावून तोंड वासलेल्या एखाद्या मुलाचे छायाचित्र आज ना उद्या येणार आहे. पुष्कळ शाळांच्या पत्रकांवर ते आलेही आहे. त्या छायाचित्राला भुलून आईबाप फी भरतात, आणि त्याच छायाचित्राला भुलून सरकारी पैसाही खर्च होतो. तेव्हा ह्या चष्म्याची चौकशी सणासुदीलाही करायला हरकत नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. डोळे पूर्ण झाकून माणसाला दुसऱ्याच जगात नेऊन सोडते ते आभासी वास्तव. फोनच्या पडद्यातून पाहताना आपल्याच टेबलावर एखादा वाघ उभा दिसतो ते संवर्धित वास्तव. मिश्र वास्तव ह्या दोहोंच्या मधले आणि दोहोंहून चतुर. टेबल खरे, त्यावर धडधडणारे हृदय खोटे. पण तुम्ही टेबलाला वळसा घातलात तर हृदयाची मागची बाजू दिसते आणि हात पुढे केलात तर त्याचा कप्पा उघडतो. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड ह्यांनी डोक्यावर घालायचे असे यंत्र दाखवले, तेव्हा ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे. १९९४ साली पॉल मिलग्रम आणि फुमिओ किशिनो ह्यांनी त्या शास्त्राची नीट मांडणी केली : एका टोकाला निव्वळ खरे जग, दुसऱ्या टोकाला निव्वळ आभासी, आणि मधला सगळा प्रदेश मिश्र. आज ते यंत्र साधारण अर्ध्या किलोवर आले आहे. मनुष्याच्या बुद्धीचा हा मोठा विजय आहे, आणि तो नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. डोळ्यांना जे कधीच गाठता येणार नाही, तेवढ्यासाठी चष्मा घालावा. पायांनी जे गाठता येते, ते चष्म्यातून दाखवू नये. आणि आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे.

न दिसणारे दाखवण्याची हौस आपल्या मातीत नवी नाही. १८९२ पासून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' घेऊन हिंडत. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर अशी हलवीत की प्रेक्षक रामायणात जाऊन बसत. पुढे दादासाहेब फाळके ह्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून, अंकुर फुटून त्याचा वेल कसा होतो ते मिनिटा-दीड मिनिटात दाखवले. रोप वाढते हे सगळ्यांना ठाऊक असते. वाढताना ते कोणालाच दिसत नाही. फाळक्यांनी यंत्र तिथे लावले जिथे डोळा हरतो. शिक्षणात यंत्राची जागा कोणती, हे त्या वाटाण्याने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात ह्या जागा थोड्या नाहीत. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जिभेला वळण लागायला वेळ लागतो, एवढी सवलत वाचक देतील.) श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. हजारो वर्षांपूर्वीच्या ह्या वस्तू पुढे मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत गेल्या आणि जिथे सापडल्या तिथल्या पोरांना त्या पाहायला मिळणे दुरापास्त झाले. तो रथ चष्म्यातून दायमाबादच्या शाळेच्या ओट्यावर उतरवा; मुलांना त्याच्याभोवती फिरू द्या, चाक कसे बसवले आहे ते वाकून पाहू द्या. त्या दिवशी मी स्वतः त्या यंत्राला हळदकुंकू वाहीन.

चूक झाली तर जीव जाईल, अशा ठिकाणीही खोट्या वास्तवाचे मोल मोठे आहे. नगरला लष्कराचे रणगाडा दळाचे केंद्र आहे. रणगाडा चालवायला शिकणारे जवान आज सिम्युलेटरवर हात बसवतात, कारण तिथे चुकले तर माणूस मरत नाही आणि तोफगोळाही वाया जात नाही. पण शिक्षण तेवढ्यावर संपत नाही. शेवटी खऱ्या रणगाड्यात बसून खऱ्या मैदानावर जावेच लागते. खारे कर्जुन्याच्या बाजूने के. के. रेंजवरचे धमाके ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. लष्कराला हा क्रम कळतो : आधी आभास, मग वास्तव. शाळेत मात्र आभास हाच शेवटचा धडा होऊन बसतो आहे.

अकोले आणि पाथर्डी ह्या तालुक्यांत शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे ह्या यंत्राचा गृहप्रवेश मी जवळून पाहिला आहे. शाळेचे नाव सांगत नाही; सांगून उपयोगही नाही, कारण कथा सगळीकडची एकच आहे. पहिल्या दिवशी मुलांना धबधबा दाखवला. कुठल्या तरी परदेशातला होता. अकोल्याची मुले ती. भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा त्यांना काय नवा? एका मुलीने चष्मा काढला आणि विचारले, "गुरुजी, आवाज तर येतोय, मग अंगावर तुषार का नाही येत?" दाखवायला आलेले गृहस्थ हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्या दिवशी शाळेत विचारला गेलेला तो एकमेव शास्त्रीय प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर चष्म्यात नव्हते.

आता हिशेब करू. वर्गात चाळीस मुले, चष्मे चार, तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला साडेतीन मिनिटे. त्यातच पट्टा आवळायचा, काच पुसायची, "सर, काहीच दिसत नाही" म्हणायचे आणि सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. उरलेली साडेएकतीस मिनिटे मुलाने काय करायचे? रांगेत उभे राहायचे. ज्या तासात मूल नऊ-दशांश वेळ रांगेत उभे असते त्या तासाला रेशनचे दुकान म्हणतात, शिक्षण नव्हे. शिवाय वीज गेलेली नसली, चार्जिंग केलेले असले आणि ज्या एका शिक्षकाला हे यंत्र कळते त्याची बदली झालेली नसली, तरच हा हिशेब खरा.

आणि समजा, हे सगळे जुळून आले. तरी यंत्र टिकणार किती? फोन पुठ्ठ्याच्या चष्म्यात घालून सबंध वर्गाला जगाची सफर घडवणारी 'एक्स्पिडिशन्स' नावाची योजना गूगलने काढली. जगभरच्या शिक्षकांनी त्यावर धडे बेतले; २०२१ साली गूगलने ती बंद केली. मिश्र वास्तवाचे सगळ्यांत गाजलेले यंत्र मायक्रोसॉफ्टचे 'होलोलेन्स'. त्याची दुसरी आवृत्ती साडेतीन हजार डॉलरला विकली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्या जिथे पाच-सात वर्षांत हात झटकून मोकळ्या होतात, तिथे गळक्या कौलांची आमची शाळा कशाच्या भरवशावर उडी घेते? खडू कधी कालबाह्य झाला नाही. झाड, विहीर, नांगर ह्यांना नवी आवृत्ती लागत नाही.

आईबापांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे चष्मे करणारे स्वतःच वयाची अट घालतात. मेटा कंपनीची अट तेरा वर्षांची होती. २०२३ मध्ये तिने ती दहावर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली. म्हणजे करणारा म्हणतो दहाच्या खाली नको, आणि आपली माहितीपत्रके पहिली-दुसरीच्या बाळांना झापडे लावून मिरवतात. घोड्याला झापड लावतात ते त्याने इकडेतिकडे पाहू नये म्हणून. मुलाला शाळेत घालतो ते त्याने इकडेतिकडे पाहावे म्हणून.

इकडेतिकडे पाहण्यासारखे आमच्याकडे काय आहे, असे कोणी विचारू नये. नगरचा भुईकोट किल्ला शहरातच आहे. १४९० साली निजामशहाने वसवलेल्या ह्या शहरात चांदबिबी लढली. १९४२ नंतर ह्याच किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी भारताच्या शोधाचे पुस्तक लिहिले आणि मौलाना आझादांनी आपली पत्रे लिहिली. शहराबाहेरच्या डोंगरावर 'चांदबिबीचा महाल' दिसतो, जो वास्तविक सलाबतखानाची कबर आहे. कबरीला लोक महाल का म्हणू लागले, एवढ्या एका प्रश्नावर इतिहासाचे चार तास निघतात. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. पण किल्ल्यावर, रेहेकुरीला मुले न्यायची म्हणजे परवानगीचा अर्ज, एसटीचे भाडे, पालकांची संमती आणि कोणाचा पाय मुरगळला तर चौकशी. चष्मा मागवायला एक सही पुरते. खरे वास्तव महाग आहे म्हणून आपण खोटे घेतो असे नाही. खरे वास्तव कष्टाचे आहे म्हणून आपण खोटे घेतो. हा आळस आहे, आणि आळसाला प्रगती म्हणण्याची चाल पडली आहे.

गंमत अशी की मिश्र वास्तवाचा अस्सल नमुना ह्याच जिल्ह्यात चष्म्यावाचून उभा आहे. पारनेर तालुक्याच्या शेजारचे हिवरे बाजार पाहा. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस जेमतेम. पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने गावाने १९९० नंतर डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही असे ठरवले. दरवर्षी पाऊस सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते : पडला किती, जमिनीत मुरला किती, माणसांना किती, जनावरांना किती आणि उरल्यावर कोणते पीक घ्यायचे. पाणी कमी असेल तर जास्त पाणी पिणारे पीक नाही. हे मिश्र वास्तव नव्हे तर काय आहे? डोळ्यांसमोर खरी जमीन, आणि तिच्यावर बुद्धीने मांडलेला न दिसणारा आकडा. फरक इतकाच की चष्म्यातला आकडा चष्म्याबरोबर उतरतो आणि हा आकडा वर्षभर रानात राबतो. अशा ताळेबंदात चौथीचे गणित आहे, सातवीचा भूगोल आहे आणि मोठ्या माणसांचे नागरिकशास्त्रही आहे. हा धडा शिकवायला पर्जन्यमापक, एक दोरी आणि विहीर एवढे साहित्य लागते.

दुसरा नमुना जामखेडचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या, कित्येक तर अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण ह्यांचे ज्ञान त्या बायकांनी ऐकून, पाहून, हाताने करून आणि पुन्हा पुन्हा विचारून मिळवले, आणि गावोगावची बाळे वाचवली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे कोणते यंत्र होते? शिकवणाऱ्याचा शिकणाऱ्यावर विश्वास होता, आणि आज शिकलेले उद्या वापरायचे होते.

म्हणून यंत्राच्या आधी शिक्षक, हा माझा दुसरा मुद्दा. त्यालाही नगरनेच साक्ष द्यावी. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याआधी नगरला मिस फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळेचे काम त्यांनी पाहिले होते. आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणात ह्याच फॅरारबाईंचे नाव येते. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, पाठबळ नव्हते, उलट अंगावर शेण झेलायचे होते, त्यांनीही 'शिकवायचे कसे' हे आधी शिकून घेतले. आज आपण चष्मे आधी मागवतो आणि शिक्षकाला दोन तासांचे प्रशिक्षण देऊन त्याच्या हातात किल्ली देतो. किल्ली कपाटाची, एवढेच.

माझ्यावर आक्षेप येतील. पहिला : गरिबाच्या मुलाने लंडन-पॅरिस पाहायचेच नाही का? जरूर पाहावे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, मुलांची परदेशातल्या मुलांशी पडद्यावरून गाठ घालून दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण तो पुरस्कार शिक्षकाला होता, क्यूआर कोडला नव्हता. त्यांनी कोणते यंत्र कुठे लावायचे हे आधी मुलांकडे पाहून ठरवले. दुसरा आक्षेप : मुलांना हे आवडते. मुलांना जत्रेतला पाळणाही आवडतो. म्हणून आपण पाळण्याला गणिताचा तास म्हणत नाही. तिसरा आक्षेप : तुम्ही छापखान्यालाही असाच विरोध केला असता. मुळीच नाही. छापलेले पुस्तक मूल घरी नेते, धाकट्या भावाला देते, समासात चित्रे काढते. हा चष्मा घरी न्यायचा नाही, हात लावायचा तर विचारून, आणि पाहुणे आले की काढायचा.

दिवाळी आहे, म्हणून मुलांच्या किल्ल्याकडे वळतो. अंगणात पोरे माती कालवून किल्ला करतात, त्याच्याइतकी उत्तम शाळा मला माहीत नाही. बुरूज ढासळतो तेव्हा मातीत पाणी किती हवे ते कळते. तळे वर करायचे की खाली, ह्यावर भांडण होते तेव्हा पाण्याचा उतार कळतो. मोहरी, अळीव पेरून रान उगवायचे तर चार दिवस आधी पेरायला हवे, हे कळते. दरवाजा लपलेला का, माची कशासाठी, हे आजोबांना विचारावे लागते. खरी माती आणि कल्पनेतला राजगड : ह्याहून मिश्र वास्तव ते कोणते? आता बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. आणून ठेवले की झाले. हात स्वच्छ, डोके रिकामे. शाळेतला चष्मा हा शिक्षणातला प्लास्टरचा किल्ला होऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

आता शेवटचे आणि खरे दुखणे. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो, आणि बिऱ्हाडाबरोबर मूलही गाडीत बसते. ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि देशाला सहकाराची वाट दाखवली, त्याच जिल्ह्यातली ही मुले. साखरशाळा निघाल्या, गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली, शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. तरी मी हजेरी घेताना एकेका नावाला उत्तर येईनासे होत गेलेले ऐकले आहे. मार्च-एप्रिलमध्ये ती मुले परततात तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटाला आलेला असतो.

चष्म्याचे विक्रेते म्हणतात, आम्ही सबंध जग वर्गात आणतो. जग राहू द्या. वर्गातून गेलेले मूल तेवढे वर्गात आणा. कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसलेल्या मुलीला तुमच्या वास्तवात कितवे स्थान आहे, ते सांगा. एका चष्म्याच्या किमतीचा विचार करताना हंगामी वसतिगृहातल्या एका मुलाच्या जेवणाचाही विचार करा, आणि मग सही करा.

सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल तेव्हा आईबापांनी शाळेत जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. हे यंत्र असे काय दाखवते जे आमच्या मुलाला गावात चालत जाऊन पाहता येत नाही? ते चालवणाऱ्या शिक्षकाला किती दिवस शिकवले? आणि ह्या वर्गातली किती मुले आज गैरहजर आहेत, आणि ती कुठे गेली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर खुशाल चष्मा घ्या. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत मात्र शाळेच्या दारातून हलू नका.